पूर्वज्ञान जागे करण्याआधी ते असावे लागते: नव्या शिक्षकांसाठी वाचन-आकलनाचे मार्गदर्शन

शिरपूर तालुक्यातील एका शाळेत नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पाचवीतल्या एका मुलाकडून उतारा वाचून घेत होतो. वाचन स्वच्छ होते. जोडाक्षरे अडत नव्हती आणि पूर्णविरामापाशी तो न सांगता थांबत होता. उताऱ्यात एक वाक्य होते: ‘ओहोटी लागताच कोळ्यांनी नाव खाडीत नांगरली.’ या वाक्यात काय घडले, असे विचारल्यावर तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “कोळ्यांनी वावर नांगरलं, सर. वावराचं नाव खाडी.” वर्गात कोणी हसले नाही, कारण बाकीच्यांनाही तसेच वाटत होते. मी ‘नीट वाच’ म्हणून ते वाक्य त्याच्याकडून आणखी दोनदा वाचून घेतले. तिसऱ्या वाचनानंतरही वावर वावरच राहिले.

त्या उत्तरात निष्काळजीपणा नव्हता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. समुद्र कधी न पाहिलेल्या, पण नांगर जन्मापासून पाहत आलेल्या मुलाने हाताशी असलेल्या माहितीतून जुळवलेला तो अत्यंत सुसंगत अर्थ होता. ओहोटी म्हणजे काय, खाडी कुठे असते आणि ‘नाव’ या शब्दाला होडी असाही अर्थ आहे, या तीन गोष्टी ठाऊक नसताना कितीही वेळा वाचले, तरी वेगळा अर्थ निघणे शक्य नव्हते. आपल्या पाठ टाचणात ‘पूर्वज्ञान जागृती’ असा एक रकाना असतो आणि आपण त्यात दोन-तीन प्रश्न लिहून पुढे जातो. मुलाजवळ ते ज्ञान आहे, ते केवळ झोपलेले आहे, असे हा रकाना गृहीत धरतो. ते मुळात नसेल, तर काय करायचे, हे नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकांसाठी पुढे लिहिले आहे. उदाहरणे धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील आहेत. इतर भागांतील शिक्षकांनी आपापल्या परिसरातील घ्यावीत.

माहितीचा आकलनाशी किती घट्ट संबंध आहे, हे दाखवणारे दोन जुने प्रयोग सांगण्यासारखे आहेत. १९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना एक उतारा ऐकवला. त्यातील शब्द सगळे सोपे होते. वस्तूंचे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका, अशा स्वरूपाच्या सूचना होत्या. हा उतारा कपडे धुण्याविषयी आहे, असे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांना तो समजला आणि बराचसा आठवला. ज्यांना काहीच सांगितले नव्हते किंवा ऐकून झाल्यावर सांगितले, त्यांच्या हाती फारसे काही लागले नाही. दुसरा प्रयोग डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा, १९८८ मधला. सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले असता, वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाणकार असलेली मुले वाचनात हुशार पण खेळाशी अपरिचित असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट घालून पाहावे. ‘कच्चा’ म्हणून मागे बसवलेला मुलगा सामन्याची बातमी कशी घडाघडा समजावून सांगतो, हे कोणत्याही शाळेच्या ओट्यावर दिसते.

निदान आधी

पूर्वज्ञान वाढवणे हा प्रत्येक न समजणाऱ्या मुलावरचा उपाय नव्हे. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन हा अक्षरांची उकल आणि ऐकलेल्या भाषेचे आकलन या दोहोंचा गुणाकार असतो. त्यातील एक शून्य असेल, तर उत्तरही शून्य येते. म्हणून मुलाचे घोडे नेमके कुठे अडते, हे पहिल्या पंधरवड्यात पाहून घ्यावे. एक उतारा मुलाला वाचायला द्यावा आणि तितकाच अवघड दुसरा उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवावा. दोन्ही वेळा त्याने ऐकले-वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगावे. सांगताना अहिराणी, भिलोरी, पावरी, मावची, जी घरची भाषा असेल ती चालू द्यावी. ‘नदीले पूर उना’ असे सांगणाऱ्या मुलाला अर्थ कळलेला आहे. त्याचे मराठी सुधारण्याची वेळ वेगळी असते. ऐकून समजले पण वाचून समजले नाही, तर अक्षरओळख आणि ओघवते वाचन यांवर काम करावे. ऐकूनही समजले नाही, तर प्रश्न माहितीचा आणि शब्दांचा आहे.

पाठ पेन्सिल घेऊन वाचावा

आपण पाठ प्रौढाच्या नजरेने वाचतो, म्हणून लेखकाने काय न सांगता सोडले आहे, ते आपल्याला दिसत नाही. पाठ शिकवण्याच्या आठवडाभर आधी तो पेन्सिल घेऊन वाचावा आणि प्रत्येक परिच्छेदात लेखकाने वाचकाला ठाऊक असेल असे मानलेल्या गोष्टींवर खूण करावी.

नवे कठीण शब्द सहज सापडतात. खरा धोका असतो तो सोप्या वाटणाऱ्या शब्दांचा, कारण तेथे मूल प्रश्नच विचारत नाही. ‘नदीचे पात्र’ वाचताना त्याला भांडे दिसते किंवा नाटकातील माणूस. ‘पाट फुटला’ म्हटल्यावर, कालवा न पाहिलेल्या मुलाला जेवायला बसण्याचा पाट आठवतो. आणि नदीचे ‘मुख’ म्हणजे ती जिथून निघते ती जागा, असे तर सातवीतली मुलेसुद्धा ठामपणे सांगतात. याखेरीज काही गोष्टींसाठी शब्दच नसतो. ‘पावसाने दडी मारली आणि सावकाराच्या दाराशी गर्दी वाढली’ या वाक्यातील दोन घटनांमध्ये पेरणी, बियाणे, दुबार पेरणीचा खर्च आणि कर्ज एवढे सगळे न लिहिलेले आहे. खेड्यातील मूल ते आपोआप भरून घेते, शहरातील मूल भरत नाही.

हे उलटही होते आणि नव्या शिक्षकाने ते मुद्दाम लक्षात घ्यावे. ‘मृगबाग कापून झाली, आता पिलबाग धरायची की कंद काढून रान कांदेबागेसाठी मोकळे करायचे, हे भावावर ठरेल,’ हे वाक्य रावेर-सावद्याच्या चौथीतल्या मुलाला वाचल्याबरोबर समजते. रत्नागिरीचा पदवीधर मात्र त्यात कांदा शोधत बसेल. या तिन्ही केळीच्याच बागा: मृगबाग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, पिलबाग कापलेल्या झाडाच्या पिलांवर वाढवलेली आणि कांदेबाग पावसाळा सरताना लावलेली. तिच्यात कांद्याचा संबंध नसतो. केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत ‘आमची मुले मठ्ठ आहेत’ असे कोणी म्हणाले, की मला हे वाक्य आठवते.

मुलांना काय ठाऊक आहे, त्याची नोंद

वर्गातील मुलांची माहिती तपासण्यासाठी चाचणी घेऊ नये. चाचणी म्हटली की मुले ठाऊक असलेलेही सांगत नाहीत. त्यापेक्षा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाजाराविषयी बोलू द्यावे, कापूस वेचणीच्या दिवसांत पाते, बोंड, सरकी, फरदड हे शब्द त्यांच्याकडून समजून घ्यावेत, आणि शाळेभोवतीच्या दोन किलोमीटरांत त्यांच्यासोबत एकदा हिंडावे. ऊसतोडीसाठी किंवा इतर मजुरीसाठी आईवडिलांबरोबर गुजरातेत जाऊन आलेली मुले बहुतेक वर्गांत असतात. हजेरीपटावर त्यांची गैरहजेरी लागलेली असते. प्रत्यक्षात साखर कारखाना, परराज्यातील गाव, दुसरी भाषा आणि महामार्ग यांची सर्वाधिक माहिती त्यांच्याजवळच असते. ती वहीच्या एका पानावर मुलाच्या नावासमोर लिहून ठेवावी. पुढे योग्य पाठ आला की त्या दिवशी त्या मुलाला पहिल्यांदा बोलायला सांगता येते.

एक विषय, तीन आठवडे

आता मुख्य कामाकडे वळतो. सोमवारी पेंग्विन, मंगळवारी एखादा थोर पुरुष, बुधवारी पाणी वाचवा, अशा सुट्या उताऱ्यांच्या सरावातून माहिती साचत नाही. शिष्यवृत्तीच्या तयारीच्या नावाखाली अनेक शाळांत हेच चालते आणि माझ्या मते त्यात मुलांचा वेळ जातो. माहिती एकमेकींना धरून राहते. एकाच विषयावर पाच-सहा मजकूर ओळीने वाचले, की पहिल्या मजकुरातील अनोळखी शब्द चौथ्या मजकुरात ओळखीचा झालेला असतो आणि तो कोणी पाठ करून घेतलेला नसतो. यासाठी मराठी आणि परिसर अभ्यास या दोन विषयांच्या तासिका जोडून एक विषय तीन आठवडे चालवावा. नमुन्यादाखल तापी नदीचा विषय देतो, कारण तो खान्देशातील बहुतेक शाळांना जवळचा आहे आणि तो थेट त्या खाडीपर्यंत जातो.

पहिला आठवडा भूगोलाचा असावा. शाळेच्या अंगणात ओल्या मातीने उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि नैऋत्येला सह्याद्री असे उंचवटे करावेत, मधल्या खोऱ्याला पश्चिमेकडे उतार द्यावा आणि तांब्याने पाणी सोडावे. याची गरज अशी, की भिंतीवरच्या नकाशात वर असते ते उंच आणि खाली असते ते सखल, म्हणून नद्या वरून खाली म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, अशी पक्की समजूत मुलांच्या मनात असते. चुकीची माहिती ही माहिती नसण्यापेक्षा अधिक अडचणीची ठरते, कारण मूल मजकूर वाचताना मजकुरालाच तिच्याप्रमाणे वाकवते. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावून तापी सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहते. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते. आणि गिरणा व वाघूर या तर नकाशात चक्क खालून वर येऊन तिला मिळतात. मातीवर पाणी सोडले, की ही गोष्ट सांगावी लागत नाही. त्यानंतरच उगम, संगम, उपनदी, खोरे आणि मुख हे शब्द फळ्यावर लिहावेत.

दुसरा आठवडा पाण्याच्या वाटपाचा. तापीची उपनदी असलेल्या पांझरेच्या खोऱ्यात साक्री-धुळे भागात शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत हा येथे सोन्यासारखा विषय आहे आणि तो आपल्या घरचा आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, पाटाखालच्या रानाचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, दर वर्षी पिकांची अदलाबदल करायची आणि पाणी पाळीने द्यायचे, अशी ती रचना. पाणी सोडण्याचे काम पाटकरी करतो. शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही. पाणी कमी असलेल्या वर्षी कोणत्या फडाला ते द्यायचे नाही, हे सर्वांनी मिळून ठरवायचे. प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा असला, तर तोटा सर्वांना सारखा वाटला जातो, हे पाचवीतील मुलांना वहीवर चौकोन आखून दिले की ती स्वतः शोधून काढतात. माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, की ज्याचे शेत पाटाच्या शेवटाला आहे, त्याने पैसे कमी द्यायचे का. या एका प्रश्नावर अख्खी तासिका गेली आणि ती सार्थकी लागली. अशा आठवड्यात गावातील वयस्कर शेतकऱ्याला वर्गात बोलावावे. मात्र त्यांना ‘शेतीविषयी काही सांगा’ असे मोघम न विचारता मुलांनी आधी लिहून ठेवलेले पाच-सहा प्रश्न द्यावेत. नाहीतर बाबा भाषण करतात आणि मुले पेंगतात.

तिसऱ्या आठवड्यात नदीबरोबर सुरतेला जावे. वर्गातील निम्म्या मुलांचा कोणी ना कोणी मामा, काका किंवा मावशी उधना-लिंबायत भागात राहत असते, त्यामुळे शहर परके नसते. तेथे आपलीच तापी समुद्राला मिळते, हे मात्र बहुतेकांनी जोडून पाहिलेले नसते. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी दिवसातून साधारण दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढताना ते नदीच्या मुखातून आत शिरते. मुखाशी समुद्राचे पाणी आत घेणारा असा जो भाग असतो, त्याला खाडी म्हणतात. ओहोटीच्या वेळी नाव पाण्याबरोबर वाहून जाऊ नये म्हणून दोराला बांधलेला जड लोखंडी आकडा तळाशी सोडतात आणि तो जमिनीत रुततो. त्यालाही नांगरच म्हणतात. एवढे झाल्यावर माझ्या पाचवीच्या मुलाचे ते वाक्य पुन्हा वाचायला द्यावे. त्याच्या उत्तरातील नांगर चुकीचा नव्हता, तो फक्त पाण्यात होता.

अशाच रीतीने केळी (कंदापासून भुसावळच्या मालगाडीपर्यंत), कापूस (सरकीपासून सदऱ्यापर्यंत) किंवा सातपुड्याचे जंगल हे विषय चालवता येतात. वर्षात पाच-सहा विषय पुरे. त्यातील निदान दोन खान्देशाबाहेरचे असावेत, नाहीतर परिसराच्या नावाखाली मुले परिसरातच कोंडली जातात.

वाचून दाखवणे

पाचवीपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, मुलांची ऐकून समजण्याची पातळी वाचून समजण्याच्या पातळीपेक्षा वर असते. म्हणून रोज पंधरा मिनिटे शिक्षकाने वर्गाच्या इयत्तेपेक्षा थोडा वरचा मजकूर, चालू विषयाला धरून, मोठ्याने वाचावा. ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, वर्तमानपत्रातील पाण्याच्या आवर्तनाची किंवा केळीच्या भावाची बातमी आणि वरच्या इयत्तेच्या भूगोलातील पान चालते. वाचताना दर वाक्याला थांबून प्रश्न विचारू नयेत. त्याने धागा तुटतो आणि मुले उत्तराच्या भीतीने ऐकणे सोडून देतात. अर्थ अडेल असा शब्द आला, तर वाचता वाचताच त्याचा चार शब्दांत खुलासा करावा आणि पुढे जावे.

शब्द किती आणि कोणते

परभाषा वाचणाऱ्यांवरील अभ्यासांतून असे दिसते, की मजकूर आधाराविना नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द परिचित असावे लागतात, म्हणजे शंभरात दोनच अनोळखी. घरी पावरी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीचे पाठ्यपुस्तक असेच परके असते. तरीही एका पाठाचे पंचवीस शब्दार्थ वहीत उतरवून घेण्याने काही साधत नाही. पाच किंवा सहा शब्द निवडावेत, आणि ते या पाठापुरते अडणारे नव्हे, तर पुढेही वारंवार भेटणारे असावेत. ‘जल’ कळले, की जलाशय, जलसिंचन, जलचर, जलप्रदूषण हे सगळे निम्मे सुटतात. प्रत्येक शब्दासमोर घरच्या भाषेतील प्रतिशब्द मुलांकडूनच मागावा आणि तो फळ्यावर देवनागरीत लिहावा.

पाठाआधी किती सांगावे

येथे नवे शिक्षक दोन टोकांना जातात. काही जण थेट वाचायला लावतात. काही जण इतके सांगतात, की पाठात वाचण्यासारखे काही उरतच नाही. अर्थ लागण्यासाठी जे लागते, पण जे मजकुरात दिलेले नाही, तेवढेच आधी सांगावे. मजकूर स्वतः जे सांगणार आहे, ते सांगू नये. पाच ते सात मिनिटे, एक चित्र किंवा वस्तू आणि फळ्यावर तीन शब्द एवढे पुरते. वाचन झाल्यावर ‘कोण, कुठे, केव्हा’ यांची उत्तरे मुले न समजताही मजकुरातून उचलून देतात. ‘खाडी कशात नांगरली’ असा निरर्थक प्रश्न विचारून पाहिला, तर कोण उचलतो आहे आणि कोणाला समजले आहे, हे लगेच दिसते. आठवडा उलटल्यावर पुस्तक बंद ठेवून दहा ओळी लिहायला सांगावे. आठवून लिहिल्याने माहिती टिकते.

परिणाम लवकर दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चालू विषयावरील नव्या उताऱ्यात फरक तीन आठवड्यांत कळतो, पण अनोळखी विषयावरील उताऱ्यात तो दिसायला दोन-तीन वर्षे लागू शकतात, कारण तोपर्यंत झालेले विषय मोजकेच असतात. मधल्या काळात कोणी ‘परिसर अभ्यासाची तासिका काढून वाचनाला द्या’ असे सुचवले, तर नम्रपणे नकार द्यावा. ती तासिका वाचनाचीच असते.

दोन-तीन वर्षांचे काम म्हटले, की बदलीचा प्रश्न येतो. त्यासाठी वर्गाची एक विषयनोंदवही ठेवावी. तिच्यात कोणत्या वर्षी कोणते विषय झाले, त्यात कोणते मजकूर वाचले, कोणते शब्द पक्के झाले, कोणत्या चुकीच्या समजुती आढळल्या आणि गावातील कोणाला कशाविषयी बोलावता येते, एवढे लिहावे. वर्ग सहावीत जाताना किंवा तुम्ही दुसऱ्या तालुक्यात जाताना ही वही पुढच्या शिक्षकाच्या हातात द्यावी आणि पहिले पान त्यांच्यासमोर उघडून दाखवावे, कारण कपाटात ठेवलेली वही कोणी उघडत नाही.